दुसऱ्या शनिवारचं दार पुन्हा उघडा : कोरियाविषयक कार्यक्रमांच्या संयोजन समितीस खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी नेहमीसारखी सभागृहाशी पोहोचले, तर दाराला कुलूप होतं. काचेवर आतून एक कागद चिकटवलेला होता. कोरियाविषयीची मासिक व्याख्यानं अपुऱ्या प्रतिसादामुळे थांबवत आहोत, यापुढे वार्षिक उत्सवातल्या नृत्यस्पर्धेचा, खाद्यपदार्थांचा आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कार्यशाळेचा लाभ घ्यावा, असा मजकूर होता. तो कागद वाचत माझ्यासोबत आणखी अकरा जण उभे होते. त्यांत पिंपरीहून दोन बस बदलून आलेले एक सिंधी आजोबा होते. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून मी तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर मी तुम्हाला दोन ईमेल पाठवल्या, एकदा कार्यालयात येऊन गेले. 'नोंद घेतली आहे' याच्या पलीकडे उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाशीही माझं वैर नाही. ही व्याख्यानं तुम्हीच सुरू केलीत आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. म्हणूनच ती अशी एका कागदावर संपलेली मला मान्य नाही.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगते. मी सतरा वर्षं रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मराठी-कोरियन दुभाषी म्हणून काम करते आहे. पण कोरिया हा शब्द माझ्या घरात त्याच्या फार आधीपासून आहे. माझे आजोबा साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार. 27 जुलै 1953 ला पान्मुनजोमला युद्धविराम झाला, आणि मायदेशी परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली. त्या फौजेत आजोबा होते. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते, आणि प्रत्यक्ष फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असं जाहीर केलं होतं. त्यामुळे आपले जवान इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून थेट हेलिकॉप्टरमध्ये चढले आणि दोन्ही फौजांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरले. तिथे तंबूंची जी वस्ती उभी राहिली तिचं नाव हिंद नगर.

आजोबांच्या ट्रंकेत 'हिंद नगर'च्या पाटीखाली उभं राहून काढलेला त्यांचा एक फोटो आहे. अंगात जाड कोट, मागे तारेचं कुंपण. ते सांगायचे की कैदी रात्र रात्र गाणी म्हणायचे, दिवसा दगड मारायचे, आणि आपल्याला गोळी झाडायची नाही असा हुकूम होता. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओलीस धरलं तेव्हा थोरातसाहेब स्वतः तारेच्या आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं, ही गोष्ट आम्ही नातवंडांनी शंभरदा ऐकली. पण ही माणसं कोण होती, घरी का जायला तयार नव्हती, कुठली गाणी म्हणत होती, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी सांगितलंच नाही. 22 हजारांहून अधिक कैदी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी थंडीवाऱ्यात राखले. त्यांतल्या 88 जणांनी कोरियाच्या कुठल्याच बाजूला, चीनला किंवा तैवानला जायचं नाकारलं. 1954 च्या फेब्रुवारीत ते भारतीय फौजेबरोबर जहाजाने मद्रासला उतरले. पुढे बरेच जण ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. हे मला कळलं तुमच्या तिसऱ्या व्याख्यानात. तेव्हा आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरी जाऊन मी त्या फोटोसमोर बसून त्यांना सगळं मोठ्याने सांगितलं.

आता प्रतिसादाबद्दल. तुमच्या सभागृहात सव्वाशे खुर्च्या आहेत. मी सगळ्या चौदा व्याख्यानांना हजर होते आणि सवयीने माणसं मोजायचे. कधी पस्तीस असत, कधी साठ, एकदा नव्वदच्या वर होती. नृत्यस्पर्धेला दोन हजार येतात हे खरं आहे. पण व्याख्यानाची सूचना फक्त इन्स्टाग्रामवर यायची, तीही आदल्या दिवशी. वेळ तीनदा बदलली. एकदा जागाच बदलून बाणेरच्या एका हॉटेलात नेलीत, तिथे रांजणगावहून दुसरी पाळी सांभाळून कुणी कसं यावं? वर्तमानपत्रात दोन ओळी, वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद, कंपन्यांच्या कँटीनमध्ये एक पत्रक, एवढंही झालं नाही. ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या शहराला व्याख्यान ऐकायची सवय लावावी लागत नाही. आज काय आहे आणि कुठे आहे, एवढंच कळवावं लागतं.

आणि जे येत होते ते कोण होते, हेही समितीने पाहायला हवं होतं. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरने एकदा नव्या कोरियन इंजिनियरला विचारलं, साहेब, तुम्ही उत्तरेचे की दक्षिणेचे? इंजिनियर म्हणाला, मी दक्षिणेचा, आजी उत्तरेची. फिटरला वाटलं, आपल्याकडे माहेर सोलापूरचं आणि सासर नाशिकचं असतं तसं असेल. चहाच्या सुट्टीत मी त्याला समजावलं की ती आजी 1950 च्या हिवाळ्यात पोरं घेऊन दक्षिणेला आली, तिच्या बहिणी तिकडे राहिल्या, आणि नंतर तिला कधीच पत्रसुद्धा टाकता आलं नाही. मग मी त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी ये. तो आला, दोन सोबत्यांना घेऊन आला.

त्या दिवशीचं व्याख्यान विखुरलेल्या कुटुंबांवर होतं. 30 जून 1983 ला दक्षिण कोरियाच्या केबीएस दूरचित्रवाणीने युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बेत होता दीड तासाचा, पण लोक थांबेनात, आणि तो 138 दिवस चालला. एकूण 453 तास 45 मिनिटं थेट प्रक्षेपण झालं. एक लाखाहून जास्त अर्ज आले, दहा हजारांवर कुटुंबांची भेट झाली. हे बहुतेक सगळे दक्षिणेतच राहणारे लोक होते. एकाच देशात, कधी कधी शेजारच्या गावात, तीस वर्षं एकमेकांना मेलेले समजून जगत होते. केबीएसच्या इमारतीच्या भिंतींवर आणि समोरच्या चौकात हाताने लिहिलेले कागद लावलेले होते. नाव, गाव, कुठल्या स्टेशनवर हात सुटला, अंगावर कुठे व्रण आहे. वक्त्यांनी त्या कागदांची चित्रं दाखवली आणि एकेकाचा अर्थ सांगितला. पडद्यावर एक भाऊ आणि एक बहीण दोन वेगळ्या शहरांतल्या स्टुडिओत उभे राहून एकमेकांना आईचं नाव विचारत होते.

व्याख्यान संपल्यावर पिंपरीचे ते आजोबा उठले. ते सात वर्षांचे असताना शिकारपूरहून निघाले होते, आणि पिंपरीच्या निर्वासित छावणीत वाढले. ते म्हणाले, आमची माणसंही अशीच सुटली, पण आमच्यासाठी असा टीव्ही कुणी लावला नाही. मग त्यांनी आपल्या चुलत भावाचं नाव घेतलं, त्याच्या वडिलांचं घेतलं, गल्लीचं घेतलं. सभागृहात ते नाव ओळखणारं कुणीच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी ते नीट, सावकाश सांगितलं. कोरियन वक्त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आमचा फिटर खाली मान घालून बसला होता.

त्या दिवशी सभागृहात एक्केचाळीस माणसं होती. त्यांना तुम्ही अपुरा प्रतिसाद म्हणता.

माझी दुसरी तक्रार भाषेची आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागते. पहिल्या पाच व्याख्यानांना मराठी भाषांतर होतं. मग वेळ वाचवण्यासाठी ते बंद केलंत. मी विनामोबदला करायला तयार होते, तसं लेखी कळवलंही होतं. त्यानंतर सगळं इंग्रजीत. कोरियन वक्ता आपल्या दुसऱ्या भाषेत बोलतो आणि समोरचा श्रोता आपल्या तिसऱ्या भाषेत ऐकतो. मधे किती सांडतं, ते मी रोज कारखान्यात पाहते. हे ज्या देशाबद्दल चाललं आहे त्याचा इतिहास तरी आठवा. राजा सेजोंगने 1443 मध्ये नवी लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती प्रजेला दिली. कारणही त्याने स्वतः लिहून ठेवलं. आपली बोली चिनी भाषेहून वेगळी, त्यामुळे साध्या माणसाला मनातलं सांगायचं असलं तरी लिहिता येत नाही, त्याची मला कणव येते. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला. चोए मान-री याने 1444 मध्ये अर्ज करून राजाला बजावलं की स्वतःची लिपी करणं हे रानटी लोकांचं लक्षण आहे. हा वाद मराठी माणसाला वेगळा समजवावा लागतो का? त्याच्या दीडशे वर्षं आधी नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली होती, ती अशाच विद्वानांच्या डोळ्यांदेखत. हांगुलवरचं, म्हणजे सेजोंगच्या त्या लिपीवरचं, व्याख्यान तुम्ही इंग्रजीत ठेवलंत. माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. मुलीमुळे त्यांना कोरियन अक्षरं वाचता येऊ लागली होती. अर्ध्या तासाने त्या उठून गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

त्यांच्यासाठी मला चॉन थे-इलवर व्याख्यान हवं होतं. सोलच्या प्योंगह्वा बाजारातला तो शिवणकामगार. तिथल्या माळ्यांवर छत इतकं खाली असे की ताठ उभं राहता येत नसे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली रात्रंदिवस शिवत असत. तो आपल्या बसभाड्याच्या पैशांचे पाव घेऊन त्यांना द्यायचा आणि घरी पायी जायचा. देशात कामगार कायदा आहे हे कळल्यावर त्याने तो मिळवला, पण त्यातली चिनी अक्षरं त्याला उलगडेनात. आपला एखादा मित्र कॉलेजात शिकणारा असता तर किती बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. 13 नोव्हेंबर 1970 ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कामगार कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं ओरडत त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्याच्या आईने पुढची चाळीस वर्षं कामगारांसाठी काढली. 18 जानेवारी 1982 चा गिरणी संप ज्यांच्या घरातून गेला, अशी कितीतरी माणसं आज पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना ही गोष्ट सांगायला कुठली प्रस्तावना लागणार नाही. तुमचं उत्तर आलं, विषय थोडा जड आहे.

इथून तिसऱ्या तक्रारीकडे येते. गेल्या वर्षभरात विषय एकेक करून गाळले गेले. उरलं ते प्रत्येक समारंभात सारखंच. सुरुवात अयोध्येच्या राजकन्येने, ती समुद्र ओलांडून कोरियात गेली आणि तिथल्या राजा सुरोची राणी झाली. शेवट टागोरांनी 1929 मध्ये कोरियावर लिहिलेल्या चार ओळींनी. मला दोन्हींचं प्रेम आहे. टागोरांच्या ओळी पारतंत्र्यातल्या लोकांनी पारतंत्र्यातल्या कवीकडून घेतल्या होत्या, म्हणून त्यांचं मोल मोठं. राणीची कथा तेराव्या शतकात लिहून ठेवलेली आहे, आणि ती इतिहास म्हणून कितपत धरायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हे व्यासपीठावरून एकदाही सांगितलं गेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची राणी आणि शंभर वर्षांपूर्वीची कविता, यांच्या मधला कोरिया कुठे गेला? 1 मार्च 1919 ला जपानी सत्तेविरुद्ध लाखो कोरियन रस्त्यावर उतरले, आणि सहा आठवड्यांनी अमृतसरला जालियनवाला बाग झाली. हे दोन्ही शेजारी ठेवून कुणी बोललं तर आठवीतल्या मुलालाही समजेल. जेजू बेटावर 1948 पासून पुढच्या सहा वर्षांत पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेली असावीत असा अंदाज आहे, आणि 2003 मध्ये अध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. ग्वांगजू शहरात 1980 मध्ये लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या, त्याचा तर प्रश्नच नको. हे विषय कोरियात शाळेत शिकवतात, त्यांची संग्रहालयं आहेत. ग्वांगजूचे 1980 चे दस्तऐवज 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. जे कोरिया स्वतः उघडपणे बोलतो, ते पुण्यात बोलायला आपण का बिचकावं?

एक संध्याकाळ सांगते. 3 डिसेंबर 2024. आपल्याकडे सात वाजत आले होते, दुसरी पाळी सुरू होती. सोलमध्ये साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष युन सॉक-योल यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला. आमच्या कारखान्यातले सगळे कोरियन सहकारी एका फोनभोवती जमा झाले. त्यांतला सर्वांत ज्येष्ठ मॅनेजर मूळचा ग्वांगजूचा, 1980 मध्ये दहा-बारा वर्षांचा होता. तो एकच शब्द बोलला, 'तासी'. म्हणजे पुन्हा. मग खुर्चीवर बसून राहिला. लाइनवरच्या आपल्या मराठी पोरांना काही कळेना. कुणाला वाटलं घरी कुणी गेलं. साडेनऊच्या सुमारास बातमी आली की तिथल्या संसदेने 190 विरुद्ध शून्य मतांनी मार्शल लॉ फेटाळला. तेव्हा तो उठला आणि थेट बेसिनकडे जाऊन तोंड धुऊन आला. त्या रात्री लाइनवरच्या प्रत्येकाने मला विचारलं, मॅडम, झालं काय? मी जमेल तेवढं सांगितलं. लष्कराने ग्वांगजूत नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या, बाजारातल्या बायका मोर्चेकऱ्यांसाठी भाताचे गोळे वळून देत होत्या, रक्त द्यायला रांगा लागल्या होत्या. एक माणूस, उभ्या उभ्या, पाळीच्या मधे किती सांगणार? दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विनंती केली की या महिन्याचं व्याख्यान यावर ठेवा, माणसं आपणहून येतील. उत्तर आलं, राजकीय विषय नकोत.

आणि आता तरुणांबद्दल, कारण सगळा निर्णय त्यांच्या नावाने घेतला आहे. तरुणांना नाच आणि खाणं हवं असतं, असं तुमचं म्हणणं. मला या मुलींचा फार आदर वाटतो. हडपसरच्या, भोसरीच्या, सासवडच्या मुली आहेत या. क्लास परवडत नाही म्हणून फोनवर बघून हांगुल शिकल्यात. त्यांचे उच्चार माझ्या पहिल्या वर्षाच्या उच्चारांपेक्षा चांगले आहेत. त्यांचा नाच बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांना एवढंच पुरतं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? एका व्याख्यानात दहावीतल्या मुलीने प्रश्न विचारला होता की कोरियात मुलं इतकी कमी का जन्मतात. 2023 मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 0.72 होता, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. वक्त्यांनी घरांच्या किमती सांगितल्या, नोकरीतले तास सांगितले, बाईच्या वाट्याला येणारं घरकाम सांगितलं, आणि शिकवण्यांचा खर्च सांगितला. नोव्हेंबरात होणाऱ्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या भागापुरती विमानांची उड्डाणं थांबवतात, हेही सांगितलं. ती मुलगी म्हणाली, म्हणजे लातूरसारखंच. सगळं सभागृह हसलं, पण ती हसली नाही. त्या वर्षी तिचा भाऊ लातूरला होता.

तुम्ही उत्सवात ज्या चमकत्या लाइटस्टिक विकता, त्याच हातात धरून त्या डिसेंबरात हजारो कोरियन मुली संसदेबाहेर थंडीत उभ्या होत्या. आवडत्या गायकासाठी घेतलेली काठी त्यांनी निदर्शनात नेली, कारण मेणबत्ती वाऱ्याने विझते. इथली जी मुलगी ती काठी विकत घेते, तिला ही गोष्ट कळायलाच हवी. मला खात्री आहे की ती काठी ती आणखी जपून ठेवेल.

आणखी एक व्याख्यान आठवतं, त्याबद्दल थोडक्यात. पान्सोरी या कोरियन कथागायनावरचं. एक गाणारी, एक ढोल वाजवणारा, हातात पंखा, बस. एकेक आख्यान सात-आठ तास चालू शकतं. बारा आख्यानांपैकी पाचच आज शिल्लक आहेत. कोरियन लोक म्हणतात, आधी ढोलवाला, मग गायक. ऐकणाऱ्याने गप्प बसायचं नसतं, मधे 'ओल्सू!' म्हणून दाद द्यायची असते. आमच्यातल्या एका कीर्तनकार बुवांनी दुसऱ्याच मिनिटाला ती दाद दिली, अगदी नेमक्या जागी. गाणारी बाई गाता गाता त्यांच्याकडे वळली आणि पुढचा सगळा भाग त्यांना उद्देशून गायली. त्याचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे. चौदाही व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं तुमच्या कपाटात आहेत. एकही लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही. ही माझी शेवटची तक्रार.

आता मागण्या.

व्याख्यानं पुन्हा सुरू करा. दर महिन्याला जमत नसेल तर दोन महिन्यांनी, पण दुसरा शनिवार आणि साडेपाचची वेळ कायम ठेवा, आणि सूचना किमान पंधरा दिवस आधी वर्तमानपत्रांत, वाचनालयांत, रांजणगाव-चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पोहोचू द्या. प्रवेश विनामूल्य असू द्या आणि ऑनलाइन नोंदणीची सक्ती नको. ज्येष्ठांना ती जमत नाही.

प्रत्येक व्याख्यान मराठीत किंवा मराठी भाषांतरासह व्हावं. भाषांतराचं काम मी आणि माझ्या ओळखीचे पाच दुभाषी आळीपाळीने विनामोबदला करू. यासाठी तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही.

विषय निवडताना दोन श्रोत्यांना आणि दोन विद्यार्थ्यांना समितीत बोलवा, आणि जड किंवा राजकीय म्हणून कुठला विषय नाकारलात तर त्याचं कारण लेखी द्या. माझ्या यादीत हिंद नगर, जेजू, ग्वांगजू, चॉन थे-इल आहेत. त्याचबरोबर 1970 नंतरची तिथली ग्रामसुधारणेची चळवळही आहे. सरकारने 33 हजारांवर गावांना प्रत्येकी 335 पोती सिमेंट दिलं आणि त्याचं काय करायचं ते गावावर सोडलं. हुकूमशाहीतलं हे काम होतं, त्याच्या दोन्ही बाजू आहेत, आणि आपल्या आदर्श गावांतल्या लोकांना त्यावर पुष्कळ बोलायचं असेल. उत्तर कोरियातल्या सामान्य माणसाच्या आयुष्यावरही एक व्याख्यान हवं, क्षेपणास्त्रं बाजूला ठेवून.

प्रश्नोत्तरांना किमान अर्धा तास द्या. चिठ्ठ्या गोळा करून त्यांतल्या सोयीच्या वाचणं थांबवा.

चौदा ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली करा. ज्या वक्त्यांची परवानगी राहिली असेल त्यांना मी स्वतः पत्र लिहीन, कोरियनमध्ये.

आणि वार्षिक उत्सवाच्या दोन दिवसांतला एक तास, नृत्यस्पर्धेच्या आधीचा, भर गर्दीतला, एका व्याख्यानाला द्या. त्या दोन हजार मुलांसमोर. प्रतिसाद अपुरा आहे की नाही, ते मग आपण सगळेच पाहू.

येत्या दुसऱ्या शनिवारी साडेपाचला आम्ही त्याच दाराशी येणार आहोत. पिंपरीच्या आजोबांना आमचा फिटर मोटारीने आणणार आहे. शिवणकाम करणाऱ्या त्या ताईंचाही पत्ता लागला आहे, त्या लेकीला घेऊन येतो म्हणाल्या आहेत. सभागृह उघडं असलं तर आत बसू, नसलं तर बाहेरच्या पायऱ्यांवर. मी आजोबांचा फोटो घेऊन येईन आणि हिंद नगरबद्दल बोलेन, मराठीत. तुम्हा सर्वांना त्याचं आमंत्रण आहे. सतरंजी आणि चहा आमच्याकडे.

आपली नम्र,
तिसऱ्या रांगेतली एक श्रोती
पुणे